डिझेलची स्वच्छ बाजू

डिझेल फिल्टर भरत आला की गाडी ते सपाटीला सांगत नाही. चिपळूण सोडलं, खेर्डी गेली, अलोरे गेलं, पोफळीपर्यंत ट्रॅव्हलर नेहमीसारखी पळते. कुंभार्ली घाट लागतो, आत माणसं भरलेली असतात, टपावर सामान असतं, आणि मग कळतं. पाय अर्ध्यापर्यंत दाबला की जेवढी ओढ मिळते तेवढीच पूर्ण दाबल्यावरही मिळते. तिसऱ्यावर निघणारं वळण दुसऱ्यावर काढावं लागतं. इंजिनाचा आवाज बिघडलेला नसतो, धूरही नसतो. ताकद मात्र एका रेषेच्या वर चढत नाही.

कारण सरळ आहे. सपाटीला इंजिन थोडं डिझेल मागतं आणि निम्मा बुजलेला कागदही तेवढं पुरवू शकतो. चढाला मागणी वाढते, कागदातून ते येत नाही आणि पंप उपाशी राहतो. काळा धूर सोडत गाडी दमत असेल तर फिल्टरला दोष देऊ नये, तिथे हवेचा फिल्टर किंवा नोझल बघावे. धूर नाही, पण ओढ नाही, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा डिझेल पोचत नसतं.

तरीही लगेच पाना हातात घ्यायचा नाही. आधी टाकीचं झाकण उघडून बघायचं. झाकणाचं हवेचं भोक चिखलाने बुजलं असेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि नेमकी हीच लक्षणं दिसतात. झाकण फिरवताना 'स्स्स' असा आवाज आला आणि त्यानंतर थोडा वेळ गाडी नीट ओढू लागली, तर फिल्टर निर्दोष आहे. मग टाकीपासून येणारा रबरी पाइप कुठे दबला किंवा चिरला आहे का ते बघायचं. मग फीड पंपाच्या तळाशी असलेल्या लहान भांड्यातली जाळी. या जाळीची आठवण फार कमी लोकांना असते. मोठा फिल्टर नवा टाकतात, जाळी तशीच राहते, आणि चार दिवसांनी गाडी परत त्याच तक्रारीवर येते.

हे काम मी घरी करतो, अंगणात, आंब्याखाली. गॅरेजचे पैसे वाचतात हे खरं, पण कारण ते नाही. गॅरेजमध्ये फिल्टर दहा मिनिटांत बदलून मिळतो, कारण मागे तीन गाड्या उभ्या असतात आणि कारागिराला तेवढाच वेळ असतो. या कामाला दहा मिनिटं पुरत नाहीत. हात लवकर चालतात, पण धुण्याला, निथळण्याला आणि बघण्याला वेळ लागतो.

आधी हे सगळं कशासाठी, ते सांगतो. आमची ट्रॅव्हलर जुन्या जातीची, यांत्रिक पंपाची. तिचं घराणं आपल्याकडचंच. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी उभी केली, आधी तीनचाकी टेम्पो निघाला, पुढे आकुर्डीला कारखाना झाला आणि मग मॅटाडोर निघाली. ऐंशीच्या दशकात कंपनीने मर्सिडीजच्या ओएम ६१६ या चार सिलिंडरच्या, २.४ लिटरच्या इंजिनाचा परवाना मिळवला, आणि १९८७ साली ट्रॅव्हलर आली. अष्टविनायक असो, पंढरपूर असो, गणपतीला मुंबईहून कोकणात येणारी भावकी असो, या राज्यातल्या माणसांनी आयुष्यातला पुष्कळ प्रवास याच गाडीच्या बाकांवर केला आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, मॅटाडोर चालवायचे. डिझेलची कामं मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसून शिकलो.

या इंजिनाचा सगळ्यांत नाजूक भाग म्हणजे डिझेल पंप, गॅरेजच्या भाषेत 'मायको पंप'. बॉशने १९२७ साली असा पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली, त्यानंतरच डिझेल इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत खऱ्या अर्थाने रुळलं. आपल्याकडे बेंगळुरूच्या मायकोने तो बनवला. नाशिकला सातपूरच्या कारखान्यात नोझल बनतात, नाशिकमधला एक चौक आजही मायको सर्कल म्हणूनच ओळखला जातो. पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक दट्ट्या आणि त्याची नळी असते. ही जोडी एकमेकांत घासून बसवलेली असते. एका जोडीचा दट्ट्या दुसऱ्या जोडीच्या नळीत चालत नाही. दोघांमधली फट दोन ते चार मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. या फटीत वंगण म्हणून वेगळं ऑइल नसतं, तिथे डिझेलच वंगणाचं काम करतं. त्यामुळे डिझेलमधून आलेला बारीक वाळूचा कण पंपात ओरखडा काढतो, आणि पाण्याचा थेंब आला तर वंगणच जातं आणि मग गंज धरतो. पंपाचं काम काढलं की खर्च फिल्टरच्या कित्येक पट होतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: फिल्टर बदलताना जुनी घाण काढणं हा दुय्यम भाग. ती जुना फिल्टर काढला की आपोआप बाहेर येते. खरं काम, बदलताना नवी घाण आत जाऊ न देणं हे आहे. फिल्टरला दोन बाजू असतात. टाकीकडची बाजू मळकी, पंपाकडची स्वच्छ. आपण गाडी उघडतो ती नेमकी स्वच्छ बाजूला उघडतो, आणि तिथे पडलेल्या कणाला पंपापर्यंत अडवणारं पुढे काही नसतं. जुना, बुजलेला फिल्टर तसाच ठेवला तर गाडी फक्त कमी ओढते. घाणेरड्या हातांनी बदललेला नवा फिल्टर पंप खातो.

तेव्हा आदल्या दिवशीच फिल्टरच्या आजूबाजूचा भाग धुऊन घ्यायचा. ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन फिल्टरचं डोकं, बोल्ट, पाइपांची टोकं, सगळ्यावरची तेलकट माती उतरवायची. आमच्याकडची लाल माती वाळली की पिठासारखी होते आणि डिझेलच्या ओलाव्यावर थर धरते. रात्रभर वाळू द्यायचं. सकाळी इंजिन थंड असताना काम धरायचं, वारा सुटण्याआधी. गॅरेजमध्ये पुसायला वापरतात ते कॉटन वेस्ट इथे नको, त्याचे धागे सुटतात आणि नेमके भोकात जातात. धुतलेल्या जुन्या धोतराचं फडकं सगळ्यांत चांगलं. अण्णा त्यासाठी आजोबांची धोतरं फाडून, धुऊन, घडी घालून पिशवीत बांधून ठेवायचे, आणि त्या पिशवीला गाडीच्या दुसऱ्या कामासाठी हात लावू देत नसत.

डायनॅमोवर आणि पट्ट्यावर प्लास्टिक झाकायचं, कारण डिझेल सांडलं तर रबर फुगतं आणि पट्टा घसरतो. खाली पसरट घमेलं ठेवायचं. मग फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं डिझेल वाहू द्यायचं, घमेल्यात नव्हे, काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत.

ही बरणी मला फार महत्त्वाची वाटते. ती सावलीत अर्धा तास न हलवता ठेवायची आणि मग उजेडाकडे धरायची. वर पिवळसर डिझेल, तळाला पाणी. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसतंच. कधी ते नुसते मणी असतात, काचेच्या तळावर घरंगळणारे. बरणी तिरकी केली की एकमेकांत मिसळून मोठे होतात. एवढं चालतं, आमच्या हवेत ते असणारच. कधी बोटभर जाडीचा थर असतो, मग टाकी उघडायला हवी. तळाला तपकिरी भुकटी दिसली तर तो टाकीचा गंज. आणि डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे तरंगणारा बुळबुळीत, शेवाळासारखा पापुद्रा दिसला तर ते सजीव आहे. हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची एक बुरशी आहे, ती पाण्यात राहते आणि डिझेल खाते. बंद उभ्या राहिलेल्या गाड्यांत ती सापडते. तिच्यावर फिल्टर बदलणं हा इलाज नव्हे. टाकी रिकामी करून घासावी लागते, नाहीतर नवा फिल्टर महिन्याभरात पुन्हा बुजतो.

जुना फिल्टर हाताने सुटत नसेल तर पट्टीचा पाना लावायचा. तो निघाला की सगळ्यांत आधी त्याचं तोंड बघायचं: जुनी रबरी रिंग त्याच्यासोबत आली की वर डोक्याला चिकटून राहिली? चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर चढवला, तर दोन रिंगा एकावर एक बसतात. सुरुवातीला काही जाणवत नाही, पुढे मात्र तिथून गळती सुरू होते. बोट फिरवून खात्री करायची, नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

सवड असेल तर जुना फिल्टर करवतीने कापून बघावा. आत कागदाच्या घड्या असतात, पंख्यासारख्या. उलगडल्या तर अंगणात लांबलचक पट्टी होते. कागद काळा झालेला असतो. काळा रंग दिसला की लोक डिझेलवाल्याला शिव्या देतात, पण काळेपणा हा बहुतेक वेळा डिझेलमधल्याच डांबरी अंशाचा असतो. इंजिनाकडून टाकीत परत जाणारं डिझेल तापलेलं असतं, त्याने तो अंश सुटतो. बोटाला तो मऊ, गुळगुळीत लागतो. चिमटीत चोळल्यावर कचकच लागली तर ती माती. ती कचकच मळक्या बाजूला असेल तर फिल्टरने आपलं काम केलं. स्वच्छ बाजूच्या घडीत ती सापडली तर कागद फाटला आहे किंवा डिंक सुटला आहे, आणि तो फिल्टर ज्या दुकानातून आणला तिथे परत जाऊ नये. खोट्या फिल्टरची ओळख बाहेरच्या डब्यावरून पटत नाही, रंग आणि छपाई हुबेहूब असते. नवा फिल्टर घेताना आत डोकावून घड्या सारख्या अंतरावर आहेत का, रबर मऊ आहे का, आणि आट्यांत धातूचा कीस राहिला आहे का, एवढं तरी बघून घ्यावं.

आता नवा फिल्टर. त्याच्या तोंडावर कडेने लहान भोकं असतात आणि मध्ये आट्यांचं मोठं भोक. डिझेल कडेच्या भोकांतून आत शिरतं, कागदातून गाळलं जातं आणि मधल्या भोकातून पंपाकडे जातं. पुष्कळ जण वेळ वाचवायला नवा फिल्टर बसवण्याआधीच डिझेलने भरून घेतात, आणि भरतात ते मधल्या मोठ्या भोकातून, कारण तिथे ओतणं सोपं. म्हणजे डब्यातलं, न गाळलेलं डिझेल थेट पंपाच्या तोंडाशी. भरायचंच असेल तर मधलं भोक स्वच्छ फडक्याने बंद करून कडेच्या भोकांतून, सावकाश, कागद पिईल तसं भरावं. मी कोरडाच बसवतो आणि हातपंपाने भरतो. वेळ लागतो तो लागू दे.

रबरी रिंगला डिझेलचं बोट लावायचं, फिल्टर हाताने फिरवत न्यायचा, रिंग टेकली की त्यापुढे अर्धा ते पाऊण फेरा, तोही हातानेच. पाना लावून आवळला तर रिंग चेंगरते, आणि पुढच्या वेळी काढताना फिल्टरचा डबा पिळवटून हातात येतो. पाइपाच्या बोल्टांखालचे तांब्याचे वॉशर नवे घालायचे. एकदा दबलेलं तांबं पुन्हा तितकं नीट बसत नाही, आणि किंमत एका चहाइतकीही नसते.

यापुढचा भाग मला सगळ्यांत आवडतो: एअर काढणं. डिझेलचा पंप द्रवावर दाब देतो. मध्ये हवा असली तर दट्ट्या हवाच दाबतो, ती आकसते, पुन्हा फुगते, आणि नोझल उघडतच नाही. डिझेल संपवून बंद पडलेली गाडी नुसतं डिझेल भरून सुरू होत नाही ती म्हणून. कशेडीत, परशुराम घाटात बॉनेट उघडून हताश उभा असलेला माणूस बघितला की वाटेने जाणारा प्रत्येक ड्रायव्हर पहिला प्रश्न हाच विचारतो, "दादा, एअर धरलीय का?"

फीड पंपावर हातपंपाचा गोल दट्ट्या असतो. तो उलटा फिरवला की वर येतो. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करायचा, खाली फडकं धरायचं आणि पंप मारायला लागायचं. सुरुवातीला हाताला काहीच लागत नाही, दट्ट्या रिकामाच खालीवर होतो. मग स्क्रूच्या आट्यांतून फुसफुस ऐकू येते. मग पांढरट फेस येतो, मग फेसातून मोठे बुडबुडे, फट् फट् फुटणारे. इथे पुष्कळ जण थांबतात, कारण डिझेल दिसू लागलेलं असतं. थांबायचं नाही. बुडबुडे विरळ होतात, एखादा चुकार बुडबुडा बऱ्याच वेळाने येतो, कारण कागदाच्या घड्यांत अडकलेली हवा सावकाश सुटते. शेवटी अखंड, आवाज नसलेली धार येते आणि हाताखालचा दट्ट्या जड होतो. धार चालू असतानाच, पंप मारता मारता, स्क्रू बंद करायचा. हात आधी थांबवला तर स्क्रू हवा परत आत ओढतो. मग पंपावरचा एअर स्क्रू, तीच रीत. शेवटी हातपंपाचा दट्ट्या खाली दाबून आटे पक्के करायचे.

एवढं झालं की गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या सेल्फला उठते. सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नये, मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी. बॅटरी आणि सेल्फ दोन्ही वाचतात. नाही उठली तर नोझलकडच्या दोन पाइपांचे नट ढिले करून सेल्फ मारायचा, तिथून डिझेल उडालं की आवळायचे. उठल्यावर पहिली काही मिनिटं इंजिन अडखळतं, मग एकसारखं होतं. तेव्हा फिल्टरभोवती कोरडं फडकं फिरवून ओल तपासायची. आणखी एक सांगतो: फीड पंपाच्या पुढची गळती थेंबांनी दिसते, पण टाकी आणि फीड पंप यांच्यामधल्या पाइपाची गळती दिसत नाही, कारण तिथे ओढ आहे, डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्री उभी केलेली गाडी सकाळी उठायला त्रास देते, आणि जमिनीवर एक डाग नसतो. अशा वेळी त्या पाइपात हातभर पारदर्शक नळी घालून बुडबुडे जातात का ते बघावं. आमच्या बाजारातल्या पंपवाल्या चाचांनी दाखवलेली ही युक्ती, आणि ती कधी फसलेली नाही.

हे सगळं जुन्या गाडीचं. नव्या कॉमन रेलच्या गाड्यांत पंपापुढचा दाब हजार-दोन हजार बारपर्यंत जातो. तिथे नोझलचा पाइप ढिला करून एअर काढायला जाऊ नका. त्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते आणि माणसाला तातडीने शस्त्रक्रिया लागते. अशा गाडीत फिल्टरपर्यंतचं काम घरी करावं, पुढचं नाही. त्या फिल्टरचा कागदही अधिक बारीक असतो, आणि तो भरून बसवायचा विचार तर मनात आणू नये. गाडीतल्या छोट्या विजेच्या पंपाने किंवा फिल्टरवरच्या हातपंपाने तो भरतो.

डिझेलही बदललं आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चं डिझेल मिळतं, त्यात गंधक दहा पीपीएमच्या आत. आधी पन्नास होतं. जुने ड्रायव्हर म्हणतात हे डिझेल कोरडं आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले नैसर्गिक वंगण देणारे घटकही जातात. मात्र तेल कंपन्या त्याची भरपाई करणारं द्रव्य मिसळतात. तेव्हा टाकीत दोन-टी ऑइल ओतत बसण्यापेक्षा पाणी वेळेवर काढावं. पंपाला त्याचा जास्त उपयोग.

पाण्याचं आमच्या गावाला सांगावं लागत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळूण शहरात शिरली, गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. पुढचे कित्येक दिवस मी ओळखीच्यांच्या टाक्या उतरवत होतो. टाकीतून निघायचं ते डिझेल नव्हतंच, गढूळ चहाच्या रंगाचं पाणी होतं, वर तेलाचा तवंग. ज्यांनी सेल्फ न मारता गाडी तशीच ठेवली त्यांचे पंप वाचले. ज्यांनी "बघू तरी चालू होते का" म्हणून किल्ली फिरवली, त्यांचे बरेच पंप गेले.

पूर नसला तरी पावसाळा असतो. अर्धी टाकी घेऊन गाडी रात्रभर उभी राहिली की रिकाम्या भागातली दमट हवा थंड होते आणि पाणी पत्र्यावरून डिझेलमध्ये उतरतं. म्हणून जून ते सप्टेंबर मी संध्याकाळी टाकी भरूनच गाडी लावतो. फिल्टरसाठी कंपनीच्या पुस्तकात जो किलोमीटरचा आकडा असेल, तो देशभरासाठी छापलेला असतो. कोकणात त्याच्या निम्म्यावर बदला. आणि मध्येच, फिल्टर न बदलता, महिन्यातून एकदा तळाचा ड्रेन स्क्रू उघडून पाणी सोडा. नव्या गाडीत डिझेलमध्ये पाणी असल्याचा दिवा लागला तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. पेट्रोल पंपावर डिझेल भरतानाही घनता मोजून दाखवा असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, पाच लिटरच्या मापाने मोजून मागायचाही आहे; संकोच करू नका.

फिल्टर बसला की पुसून त्यावर पक्क्या शाईने तारीख आणि किलोमीटर लिहा. गाडी विकली तर पुढच्या मालकाला ते उपयोगी पडेल. बरणीतलं आणि घमेल्यातलं डिझेल मात्र गटारात ओतू नका. आमच्या गावची गटारं वाशिष्ठीला मिळतात आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीला, तिथे लोक मासे धरतात. जवळच्या गॅरेजमध्ये जळक्या ऑइलचं पिंप असतं. डिझेल त्यात द्या, आणि जुना फिल्टर उलटा करून दिवसभर निथळून झाल्यावर तोही तिथेच द्या.